अवघड जागा आली की गज नुसता हवेत... हे तुम्ही पण करता का?

दुसरी_रांग (सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे म्हणून खरं नाव टाकत नाहीये. आमच्या ग्रुपमधलं कुणी वाचत असेल तर ओळखणारच, ओळखा, पण रविवारी सगळ्यांसमोर चेष्टा करू नका एवढंच.

मी बँकेत आहे, वय ४३. लहानपणी नव्या पेठेत एका सरांकडे व्हायोलिन शिकलो, आपलं हिंदुस्थानी, मांडी घालून, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, मग नोकरी, लग्न, बदल्या, आणि व्हायोलिनची पेटी वीस वर्षं कपाटावर. लॉकडाऊनमध्ये खाली काढली तर दोन तारा तुटलेल्या, गजाचे (म्हणजे बोचे) केस किड्यांनी खाल्लेले आणि खुंट्या आपल्या सोलापूरच्या उन्हाने वाळून अशा सैल की सूर लावून हात काढला की तार परत खाली. ते सगळं नीट केलं आणि दोन वर्षांपूर्वी इथल्या एका स्ट्रिंग ग्रुपमध्ये घुसलो. म्हणजे नोटेशन वाचायला चाळिशीत शिकलो आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरायलाही चाळिशीतच शिकलो, मान अजून दुखते.

ग्रुप म्हणजे अकरा जण. फर्स्ट व्हायोलिन चार, सेकंड तीन (त्यात मी), व्हायोला दोन (त्यातला एक मूळचा व्हायोलिनवालाच, त्याच्या गळ्यात व्हायोला मारलाय आणि तो आल्टो क्लेफला, म्हणजे व्हायोलाच्या वेगळ्या नोटेशनला, अजून शिव्या घालतो), चेलो दोन, डबल बास नाहीच. रविवारी सकाळी आठ ते दहा सात रस्त्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. पंखा लावला की पानं उडतात, बंद केला की घामाने हनुवटी घसरते, म्हणून पंखा चालू आणि प्रत्येक स्टँडला कपडे वाळत घालायचे चिमटे.

गड्डा (सिद्धेश्वरची यात्रा) उरकला की फेब्रुवारीत हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम आहे. मोझार्टच्या आइना क्लाइना नाख्टम्युझिकची पहिली मूव्हमेंट, ग्रीगच्या होलबर्ग सूटचा प्रील्यूड, आणि शेवटी जुन्या हिंदी गाण्यांची मेडली, खरं तर लोक तेवढ्यासाठीच येणार.

माझा प्रॉब्लेम ग्रीग. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहिती, पहिल्यापासून शेवटपर्यंत घोडा उधळल्यासारखं चालतं, थांबायचं नाव नाही. घरी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९६ ठोक्यांना लावून मला नीट येतं, १०८ ला कसंबसं, ग्रुपचे सर घेतात १३० च्या पुढे. तिथे मी काय करतो तर गज तारेच्या एक केसभर वर ठेवून शेजारच्याच्या गजाबरोबर वर-खाली हलवत राहतो, डावी बोटं पण नाचवतो, चेहरा गंभीर. सोपा तुकडा आला की परत तारेवर. सहा महिने हे चाललं, कुणाला कळलं नाही, उलट एकदा सर म्हणाले की सेकंडचे गज मस्त एकसारखे चाललेत. आता बोला.

गेल्या रविवारी सरांनी मधेच थांबवलं आणि म्हणाले, फक्त सेकंड वाजवा. सुरू केलं. आणि आवाज किती आला तर एका व्हायोलिनचा. आम्ही तिघं. मी हवेत, माझ्या शेजारचे प्राध्यापक आहेत ते पण हवेत (हे मला त्या क्षणी कळलं, त्यांना माझं त्या क्षणी कळलं) आणि टोकाला बसते ती नववीतली पोरगी, ती एकटी वाजवत होती, सगळंच्या सगळं, बरोबर. डासाएवढा आवाज पण एक सूर इकडचा तिकडे नाही. सर काही बोलले नाहीत, नुसते आमच्याकडे बघत राहिले, ते जास्त वाईट. म्हणजे सहा महिने मी ज्या शेजारच्याच्या गजाकडे बघून गज हलवत होतो तो माझ्याकडे बघून हलवत होता.

तर प्रश्न असा, मोठ्या ऑर्केस्ट्रात पगारी लोक पण हे करतात असं ऐकलंय ते खरं का? खरं असेल तर मग मी एवढं मनाला का लावून घेतोय? आणि मुख्य म्हणजे अडीच महिन्यात १३० काही येणार नाही हे मला माहितीये, तर ज्या जागा येत नाहीत तिथे गप बसावं, का अर्धंमुर्धं वाजवावं, का सरांना सरळ सांगून टाकावं?

गजकर्ण

हाहाहा, दोघांनी एकमेकांची कॉपी करून दोघंही नापास. मनावर घेऊ नका साहेब.

मी मुंबईत पंचवीस-एक वर्षं फ्रीलान्स वाजवलं, रेकॉर्डिंग, स्टेज शो, बाहेरचे कंडक्टर आले की तिकडे जादा वादक म्हणून. आता खांदा गेला म्हणून घरी. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, करतात, आणि जो म्हणतो मी आयुष्यात एकदाही केलं नाही तो एकतर फार मोठा वादक आहे नाहीतर हे पण खोटंच वाजवतोय.

एवढंच नाही, काही संगीतकारांनी लिहितानाच ते गृहीत धरलेलं असतं. वाग्नरच्या डी वाल्क्यूर या ऑपेराच्या शेवटी आगीचा सीन आहे, तिथे व्हायोलिनना जे लिहिलंय ते एकट्या माणसाला त्या वेगात स्वच्छ वाजवणं जवळपास अशक्य. रिचर्ड स्ट्राउसने ऑर्केस्ट्रेशनच्या पुस्तकात हेच उदाहरण दिलंय, की एकट्याला जमणार नाही पण सगळा ताफा मिळून वाजवतो तेव्हा आगीच्या ज्वाळा हुबेहूब दिसतात. म्हणजे सूर नकोयत, लखलखाट हवाय. तिथे एखाद्याचे चार सूर गळाले तरी आगीला काही फरक पडत नाही.

पण याच स्ट्राउसचं डॉन हुआन, १८८८ चं, त्याचं पहिलं पान जगभर ऑडिशनला मागतात. तिथे पडद्यामागे तुम्ही एकटे, गज हवेत फिरवून दाखवा बरं. म्हणजे नोकरी मिळवायची ते सगळं वाजवून, आणि नोकरी मिळाली की मग कधीतरी हात वर. धंद्याची गंमत आहे ही.

आता कामाचं. लोक समजतात फेकिंग, म्हणजे वाजवल्याचं सोंग, म्हणजे न वाजवणं. नाही हो. काय सोडायचं ते कळणं म्हणजे फेकिंग. ठोक्यावरचा सूर सोडायचा नाही, तुकडा जिथे जाऊन पोचतो तो सूर सोडायचा नाही, मधलं भरताड सांडलं तरी चालतं. सोळा सूर असतील आणि चारच झेपत असतील तर चार ठोक्यांचे चार, पण वेळेवर आणि सुरात. जो सगळे सोळा पकडायला जातो तो सोळाव्यावर उशिरा पोचतो आणि पुढचा बार (ठरावीक ठोक्यांचा एक कप्पा) पण घालवतो. तुम्ही केलं ते संपूर्ण हवेत, ती शेवटची पायरी, रस्ता चुकला, पान उडालं, तार तुटली तर तेवढ्यापुरती.

आणि काही जागी अजिबात नाही. पिझिकाटोत, म्हणजे तार बोटाने छेडायची तिथे, नाही, तिथे बोट तारेला लागलं तर लागलं, नाही तर नाही. सगळे थांबलेत आणि पुन्हा एकदम सुरुवात आहे तिथे नाही, तिथे आमच्यात एक जण अर्धा ठोका आधी आत घुसला होता, अख्ख्या हॉलमध्ये एकट्याचा सूर, पंधरा वर्षं झाली, त्याला अजून लोक लवकरराव म्हणतात.

सिनियर लोक सांगायचे, सगळे वादक एकत्र बसून एका दमात टेक व्हायचा त्या काळी एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा रिटेक. नवा पोरगा आला की त्याला पहिलं शिकवायचे, येत नसेल तिथे गप, पण गज आमच्याबरोबर. मी स्वतः पहिलं वर्ष असंच काढलंय. तेवढ्यात कान तयार झाला, हे पण तितकंच खरं.

नियमित_रियाज

मला हे सगळं वाचून वाईट वाटलं. इथे फसवायची युक्ती शिकवली जातेय का? तिकीट काढून लोक येतात, त्यांच्यासमोर हवेत गज फिरवायचा म्हणजे पूजेला बसून नुसतं मम म्हणायचं, मंत्र दुसऱ्याने म्हणायचे आणि पुण्य आपल्याला. येत नसेल तर बसू नका, टाळ्या वाजवायला खुर्चीत या. कटू आहे पण खरं आहे. रोज दोन तास द्या, मेट्रोनोम रोज दोनने वाढवा, अडीच महिन्यात १३० काय १५० येईल.

दुसरी_रांग

@नियमित_रियाज, मम ची उपमा बरोबर बसली, टोचली पण. फक्त एक सांगतो, रोज दोन तास माझ्याकडे नाहीत, मार्च एंडच्या आधी बँकेत काय असतं ते बँकवाल्यालाच माहिती. आणि रोज दोनने वाढवायचा प्रयोग करून झालाय, ११२ पर्यंत गेलो आणि मग मनगट असं आखडलं की दुसऱ्या दिवशी सही करता येईना.

@गजकर्ण, ठोक्यावरचे सूर ठेवायचे हे मी करून बघितलं काल. पण ग्रीगमध्ये तसं केलं की घोडा पळायचा थांबून लंगडायला लागतो. काय चुकतंय?

चेलोवाली_पुणे

दादा, चुकत नाहीये काही, तुम्हाला सल्ला मोठ्या ऑर्केस्ट्राचा मिळालाय आणि तुम्ही आहात अकरा. इथेच सगळी गोम आहे आणि गजकर्ण साहेबांनी ती उडवून लावली (राग मानू नका, तुमचं बाकी सगळं पटलं).

हिशोब बघा. पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारण १६ फर्स्ट, १४ सेकंड, १२ व्हायोला, १० चेलो, ८ बास. चौदातला एक हवेत गेला तर तेराजण उरले, कुणाच्या बापाला कळत नाही. तुमच्या तिघातले दोघं हवेत गेले तर सेकंड नावाचा आवाजच संपला. चायकोव्हस्कीने १८८० मध्ये स्ट्रिंग सेरेनेड लिहिलं त्याच्या स्कोअरवरच (संगीताच्या प्रतीवर) लिहून ठेवलंय की वादक जितके जास्त तितकं मला आवडेल. ते फक्त दणदणाटासाठी नसतं, जास्त लोक असले की प्रत्येकाचा थोडा वर थोडा खाली असलेला सूर मिसळून गुळगुळीत होतो. दोघंच एका लाईनवर असले की फरक सरळ कानात घुसतो, तिघं झाले की जरा झाकलं जातं. म्हणजे तुमच्या त्या पोरीला तुम्ही दोघांनी एकटीला सोडलं नाहीत फक्त, तिच्या सुरावरचं पांघरूण पण काढून घेतलंत.

आणि आता लंगड्या घोड्याचं. प्रत्येकाने आपापल्या मनाने सूर गाळले की हे होणारच. ही तक्रार आजची नाही. बेर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने १८४० च्या दशकात ऑर्केस्ट्रेशनवर ग्रंथ लिहिला त्यात त्याने डबल बासवाल्यांना चांगलंच झोडलंय, अवघड जागा आली की जो तो आपल्या सोयीने सोपं करून वाजवतो, एकाचं सोपं करणं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं, आणि मग सगळा गोंधळ म्हणून. (तुमच्याकडे बास नाही हे एका अर्थी बरंच.) म्हणजे गाळणं हा मोठा गुन्हा नाही, वेगवेगळं गाळणं हा आहे.

तर तिघांनी बसून वाटून घ्या. आम्ही पुण्यात हेच केलं होतं, एक बार तू पूर्ण वाजव, पुढचा मी, पण पुढच्या बारच्या पहिल्या सुरावर दोघांनी असायचंच, म्हणजे सांधा दिसत नाही. ज्याच्या वाट्याला बार नाही त्याने त्या बारात प्रत्येक ठोक्याचा एक सूर हलक्या गजाने धरायचा. पेन्सिलने लिहून ठेवा, तोंडी ठरवलेलं स्टेजवर लक्षात राहत नाही. असं ठरवून केलं की मनगटाला दर बारानंतर श्वास मिळतो आणि खरं सांगू का, निम्म्या जागा आपोआप यायला लागतात कारण हात आखडत नाही.

फक्त मोझार्टमध्ये हे करू नका. तिथे सूर कमी दिसतात म्हणून सोपं वाटतं पण सगळं उघडं आहे, एक सूर गाळला तर भिंतीतली वीट काढल्यासारखं दिसतं.

बाळीवेसवाला

काय बे, सोलापुरात स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आहे आणि मला आत्ता कळतंय? आपल्याकडे लग्नातला बँजो आणि ब्रास बँड सोडून कुणी काय वाजवतंय असं वाटलंच नव्हतं. तिकिटाचं कळवा.

मला वाजवायचं काय कळत नाही पण चेलोवाली ताईंचं वाचून एक आठवलं. आमच्या घरी लूम होते, मी लूमच्या आवाजातच अभ्यास केला. ताण्यातला एक धागा तुटला आणि कुणाचं लक्ष नाही गेलं तर कापडात खालपर्यंत उभी रेघ येते. आता भरगच्च डिझाईनची चादर असली तर ती रेघ कुठे गेली ते गिऱ्हाइकाला कधी कळत नाही, पांढरा साधा पंचा असला की दुकानात उलगडल्या उलगडल्या बोट ठेवतो. तुमचा मोझार्ट पंचा दिसतोय.

आणि मम कशाला, गणपतीत मंत्रपुष्पांजली आठवा की. सुरुवातीला सगळे जोरात, मधे साम्राज्यं भौज्यं आलं की पन्नास माणसांचं तोंड नुसतं हलतंय आणि आवाज एका आजोबांचा, आणि शेवटी परत सगळे असे ओरडतात जसं काय मधलं यांनीच म्हटलं. ते आजोबा वारले त्या वर्षी आमच्या वाड्यात खरी पंचाईत झाली होती. दरवर्षी त्यांच्या भरवशावर तोंड हलवणारे सगळे एकमेकांकडे बघत राहिले, शेवटी मोबाईलवर लावली.

मांडीवरचं_व्हायोलिन

दुसरी_रांग, तुमचं मनगट आखडतं त्याचं कारण मला तुमच्या पहिल्याच पॅराग्राफमध्ये दिसलं. तुम्ही मध्यमापर्यंत आपलं शिकलात. मी पण तेच शिकवतो, तेहेतीस वर्षं झाली.

आपल्या पद्धतीत व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकलेलं असतं, वाद्य धरायचं कामच नसतं, डावा हात मोकळा, तो मींड काढत तारेवर हवा तसा सरकतो. आणि उजवा हात लांबच लांब गज, एका गजात अख्खी आलापी. सगळा विचार गळ्याचा, डी. के. दातारांचं वाजवणं ऐका म्हणजे कळेल, ते गातायत असंच वाटतं. आता तुम्हाला ग्रीग म्हणतो ठोक्याला तीन सूर, प्रत्येकाला वेगळा गज, आणि ते न थांबता काही मिनिटं. तुम्ही नकळत लांब गजाच्या हाताने ते वाजवायला जाताय. कोपर आणि खांदा हलवून १३० कुणालाच येत नाही, पंचवीस वर्षांच्या पोराला पण नाही. गजाचा मधला चार बोटं भाग घ्या, तेवढ्यातच राहा, फक्त मनगट. गज त्याच्या त्याच्या स्प्रिंगने उसळतो, त्याला उसळू द्या, दाबू नका. तुम्ही जितके घाबरता तितका दाबता, जितका दाबता तितका तो अडकतो.

दुसरं, तो घोडा डोक्यात नोटेशनने बसवू नका. एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड, हे तर आपलं धा तिट धा तिट. तबल्यावर हे किती वर्षं ऐकताय! दिवसभर बँकेत मनात म्हणा, धा तिट धा तिट. मग घरी डाव्या हाताला सुट्टी, फक्त मोकळ्या तारेवर उजव्या हाताने तेवढंच, १३० ला सुद्धा येईल, बघा करून. मग डावा हात हळू लयीत वेगळा बसवा, आणि दोन्ही एकत्र करताना एकदम सगळं नको, एका ठोक्याचं धा तिट आणि पुढच्या धा वर थांबा. मग दोन ठोके आणि थांबा. मेट्रोनोम दोनने वाढवण्यापेक्षा पूर्ण लयीत छोटा तुकडा बरा. हळू लयीतला हात आणि जलद लयीतला हात हे दोन वेगळे हात आहेत, ९६ चा हात ताणून १३० चा होत नाही.

नियमित_रियाज यांना एवढंच की दोन तास चुकीच्या हाताने केलेला रियाज म्हणजे चूक पक्की करणं. फसवणुकीचं म्हणाल तर मैफिलीत साथीला बसलेला पोरगा गुरूंची तान झेपली नाही तर शेवटचा सूर तेवढा धरतो आणि गप राहतो, त्याला कुणी चोर म्हणत नाही, उलट शहाणा म्हणतात. पण तो गातोय असं दाखवत तोंड नाही हलवत. एवढाच फरक मला दिसतो तुमच्या गोष्टीत.

गजकर्ण

चेलोवाली ताई, मान्य. तिघांच्या सेक्शनला चौदाचा नियम सांगितला, माझीच चूक. आम्ही रेकॉर्डिंगला पण कमी माणसं असली की हात वर करत नव्हतो, कारण पकडले जायचो. धा तिट भारी आहे मास्तर, हे मला पंचवीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर खांदा वाचला असता.

दुसरी_रांग

अपडेट देतो, दोन रविवार होऊन गेले.

पहिल्या रविवारी प्रॅक्टिसच्या आधी सरांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, सहा महिन्यांचं. मला वाटलं आता ग्रुपमधून काढतील. ते म्हणाले मला माहिती होतं, हवेतल्या गजाला कधी रोझिनची (गजाच्या केसांना लावायच्या राळेची) धूळ उडत नाही, तुमच्या व्हायोलिनवर दोन महिने बघतोय, आरशासारखं स्वच्छ. मग मुद्दाम एकट्या सेकंडला का वाजवायला लावलं विचारलं, तर चहाच संपवत बसले.

प्राध्यापकांशी बोलायला त्याहून अवघड गेलं कारण दोघांनाही एकमेकांचं माहिती. शेवटी तेच म्हणाले, आपण एकमेकांची झेरॉक्स होतो हो. मग तिघं पेन्सिल घेऊन बसलो आणि ताईंनी सांगितलं तसं बार वाटले. पोरीला विचारलं तुला कुठले सोपे जातील ते घे, तर म्हणाली मला सगळे येतात, तुम्ही तुमचे घ्या. मी म्हटलं तुला आमचं कळलं होतं का गं आधी. म्हणाली, "हो काका, पहिल्या महिन्यातच. म्हणून तर मी जोरात वाजवायचे." आणि मला तो डासाएवढा आवाज वाटला होता, ते तिचं जोरात होतं. तिचं व्हायोलिन भाड्याचं, तारा कधीच्या जुन्या, त्यात तीन माणसांचं काम एकटीने. प्राध्यापकांनी त्याच संध्याकाळी तारांचा नवीन सेट मागवला, मी निम्मे पैसे दिले, तिला सांगितलं ग्रुपतर्फे आहे.

धा तिट चालतंय. काउंटरवर तोंडात चालू असतं, एका गिऱ्हाइकाने विचारलं साहेब काय जप करताय का. मोकळ्या तारेवर १३० खरंच येतं, मला स्वतःला खोटं वाटलं. डाव्या हातासकट माझ्या वाट्याचे बार आता साधारण १२० ला येतात, बाकी बारात ठोक्याचा एक सूर, गज तारेवर.

आणि गंमत, काल सर म्हणाले सेकंडसाठी आपण ग्रीग १२० ला घेऊ, तर फर्स्टच्या चौघांनी असा सुटकेचा श्वास सोडला की पंख्याच्या आवाजातही ऐकू आला. सरांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, आता फक्त फर्स्ट.

बाळीवेसवाले, तिकीट नाहीये, पास आहेत, मेसेज करा, दोन ठेवतो. पण पुढच्या रांगेतले मागू नका.